गाडी खाली, आई वर

सध्या कोणाच्याही नव्या घराचं ड्रॉइंग हातात आलं की मी आधी एकच गोष्ट बघतो: तळमजल्यावर कोण राहतंय? बहुतेक वेळा उत्तर तेच असतं. तळमजल्यावर गाडी राहते. आई-वडील पहिल्या मजल्यावर, मुलगा-सून दुसऱ्या, नातवंडांची खोली आणि टेरेस त्याच्या वर. म्हणजे घरातला सगळ्यात धडधाकट, स्वतःची चाकं असलेला मेंबर जमिनीवर आणि ज्यांचे गुडघे गेलेत ते अठरा पायऱ्या वर. वर हे ड्रॉइंग दाखवताना मालक मोठ्या अभिमानाने सांगतो, "आई-बाबांचा विचार करूनच सगळं केलंय बरं का."

च्यायला, कुठला विचार?

विषय आहे तो पुण्यातल्या (आणि नाशिक, सातारा, कोल्हापूर, सगळीकडच्याच) छोट्या प्लॉट्सचा. सत्तर-ऐंशीच्या दशकात बँकेतल्या, एलआयसीतल्या, शाळा-कॉलेजांतल्या लोकांनी सोसायट्या करून हे प्लॉट घेतले. सव्वा गुंठा, दीड गुंठा, फार तर दोन. प्रॉव्हिडंट फंडातून पैसे उचलून त्यावर बैठं घर बांधलं, पुढे ओटा, कडेला जास्वंद आणि एखादं पेरूचं झाड. आता ते घर गळतं, मुलांची लग्नं झालीत, नातवंडांना अभ्यासाला जागा नाही. मग घर पाडून तीन पिढ्यांचं नवं घर बांधायचं ठरतं. इथपर्यंत सगळं ठीक. पण आर्किटेक्टसमोर बसल्यावर पहिलं वाक्य काय निघतं? "दोन गाड्या मावल्या पाहिजेत."

आमच्या धंद्यात याला रिक्वायरमेंट म्हणतात. आणि ज्याला कधी प्रॉजेक्टचा मार लागलाय त्याला ठाऊक असतं की जी रिक्वायरमेंट पहिली लिहिली जाते ती नंतर दगडावरची रेघ होते. बाकीच्या सगळ्या तिच्या उरलेल्या जागेत बसवाव्या लागतात. 'दोन गाड्या' पहिल्या ओळीवर आणि 'आईला रात्री तीनदा बाथरूमला उठावं लागतं' ही ओळ कुठेच नाही. ती कोणी सांगितलीच नाही, कारण विचारलंच नाही.

खरं तर विचारतात, नाही असं नाही. "आई, तुला कुठली खोली हवी?" मग आई म्हणते, "मला काय, एक कॉट टाका कुठेही." आणि सगळे सुटल्यासारखे होतात. अहो, या पिढीतली कुठलीही बाई आजवर "मला ही खोली हवी" असं म्हणाली आहे का? साडीच्या दुकानातसुद्धा जी "तुम्हीच ठरवा" म्हणते, तिचं 'कुठेही' म्हणजे होकार नव्हे. वडील बोलतात, पण ते वेगळंच बोलतात: "मी अजून रोज चार किलोमीटर चालतो, मला जिन्याचं काय सांगतोस?" चालतात, मान्य. पण घर पुढच्या तीस वर्षांसाठी बांधतोय, या रविवारसाठी नाही. सर्व्हर घेताना आपण आजचा लोड बघून घेतो का?

आता गंमत अशी की प्लॉट त्यांचा. बहुतेक ठिकाणी सात-बारा किंवा प्रॉपर्टी कार्डावर नाव अजून त्यांचंच. पण बांधकामाचं कर्ज मुलाच्या पगारावर, गाडीची किल्ली मुलाच्या खिशात आणि आर्किटेक्टचा व्हॉट्सॲप ग्रुप मुलाच्या फोनवर. निर्णय कुठे होतो ते कळलंच असेल.

तर ड्रॉइंग. या ड्रॉइंग्जमध्ये मला एक गोष्ट कायम खटकते. पार्किंगमध्ये गाडीचं चित्र काढलेलं असतं, अगदी वरून दिसेल तसं, आरसे-बिरसे लावून. सॉफ्टवेअरमध्ये तो तयार ब्लॉक मिळतो, उचलायचा आणि ठेवायचा. त्यामुळे गाडीला वळायला किती जागा लागते, दार उघडलं तर भिंतीला लागतं का, हे सगळं डोळ्यासमोर दिसतं. वॉकर घेऊन चालणारी आजी मात्र कुठल्याच प्लॅनवर नसते. व्हीलचेअर जागच्या जागी फिरवायला दीड मीटर व्यासाचं मोकळं वर्तुळ लागतं, दार नव्वद सेंटिमीटर मोकळं हवं, ही मापं काही गुप्त नाहीत. पण ब्लॉक ठेवलेला नाही म्हणून दिसत नाही, आणि दिसत नाही म्हणून बाथरूमचं दार साठ-पासष्ट सेंटिमीटरचं होतं.

या सगळ्याचं मूळ नियमांत आहे, आणि तिथे मला खरा राग आहे. डिसेंबर २०२० पासून मुंबईसारखे काही भाग सोडून बहुतेक महाराष्ट्राला एकच बांधकाम नियमावली लागू झाली, तिला युनिफाइड डीसीपीआर म्हणतात. तिच्यात (आणि आधीच्या नियमांतही) पार्किंगसाठी ठेवलेला स्टिल्ट एफएसआयमध्ये मोजत नाहीत. म्हणजे कॉलमवर घर उचललं आणि खाली गाड्या लावल्या तर ती जागा फुकट. त्याच जागेत आजीची खोली बांधली तर प्रत्येक चौरस मीटर मोजून घेणार. गाडीला माफी, आजीला हिशेब. डोनाल्ड शूप नावाच्या अमेरिकन प्राध्यापकाने २००५ साली 'द हाय कॉस्ट ऑफ फ्री पार्किंग' हे जाडजूड पुस्तक लिहून हेच सांगितलं की पार्किंग फुकट कधीच नसतं, त्याची किंमत दुसऱ्या कशात तरी मिसळून कोणाकडून तरी वसूल होते. तो अमेरिकन शहरांबद्दल बोलत होता. आपल्याकडे ती किंमत आईच्या गुडघ्यांकडून वसूल होते.

पण थांबा. "तळमजल्यावर खोली घेतली तर एफएसआय वाया जातो" हे जे वाक्य प्रत्येक काका, मेहुणा आणि कॉन्ट्रॅक्टर तोंडावर फेकतो, ते साफ चुकीचं आहे. एफएसआय म्हणजे एकूण बांधकामाची मर्यादा. खाली खोली बांधली तर तो वाया जात नाही, वरची एक खोली खाली येते एवढंच.

आकडेच मांडू. प्लॉट समजा ९ बाय १५ मीटर. म्हणजे १३५ चौरस मीटर, सव्वा गुंठ्याच्या जरासा वर. मार्जिन रस्त्याच्या रुंदीवर आणि प्लॉटच्या प्रकारावर बदलतात, ती तुमच्या आर्किटेक्टला विचारा. उदाहरणापुरतं पुढे ३ मीटर, मागे आणि दोन्ही बाजूंना दीड-दीड धरू. बांधायला उरलं ६ बाय साडेदहा, म्हणजे ६३ चौरस मीटर. मूळ एफएसआय १.१ धरला (प्रीमियम भरून आणखी मिळतो, तो सध्या सोडा) तर एकूण बांधकाम साधारण १४८ चौरस मीटर, सोळाशे चौरस फुटांच्या आसपास.

स्टिल्टवालं घर: खाली सगळं मोकळं. वर ६३, त्यावर ६३, आणि त्याच्याही वर उरलेले २२. म्हणजे स्टिल्ट अधिक तीन. आता खालच्या ६३ मधून जिन्याचे दहा गेले, दोन गाड्यांचे प्रत्येकी अडीच बाय पाच मीटरने पंचवीस गेले. उरले अठ्ठावीस. त्या अठ्ठावीस चौरस मीटरमध्ये काय असतं हे कुठल्याही गल्लीत फिरून बघा. जुना सोफा. नातवाची पंक्चर झालेली सायकल. गणपतीचं मखर. तडा गेलेली पाण्याची टाकी. बांधकामातून उरलेल्या फरशांची थप्पी आणि रंगाचे सुकलेले डबे. जुन्या सोफ्याला जमिनीवर जागा आहे, आणि ज्या बाईने तो सोफा हप्त्याहप्त्याने घेतला ती वर!

दुसरं घर: गाड्या तिथेच, पण अख्खा मजला त्यांच्या नावावर न करता. पुढच्या मार्जिनची ३ मीटर खोली तर रिकामीच आहे. गाडीला ५ मीटर लागतात. कमी पडतात २. मग तळमजल्याची पुढची भिंत गाडीपुरती दोन मीटर आत घ्यायची, वरचा मजला जागच्या जागी. गाडीचं अर्धं अंग वरच्या मजल्याच्या खाली, बाकीचं उघड्यावर. पहिली गाडी अगदी कडेला कंपाउंडलगत लावली तर तिच्या अडीच मीटर रुंदीतला दीड मीटर बाजूच्या मार्जिनमध्येच येतो, घरातून जातो फक्त एक मीटर रुंद आणि दोन मीटर खोल तुकडा. म्हणजे २ चौरस मीटर. शेजारी दुसरी गाडी, तिचा खिसा अडीच बाय दोन, म्हणजे ५. दोन्ही गाड्यांचे मिळून सात. पुन्हा लिहितो, सात चौरस मीटर. त्रेसष्ट नाही.

६३ मधून सात गेले, छप्पन्न उरले. जिन्याचे दहा वजा. तीन बाय ३.६ ची एक खोली (१०.८), तिला लागून दीड बाय २.४ चं बाथरूम (३.६). तरी भिंती धरून तीसेक चौरस मीटर हॉल आणि स्वयंपाकघराला राहतात. पहिला मजला पूर्ण ६३. उरलेले २९ दुसऱ्या मजल्यावर, म्हणजे दोन खोल्या आणि पुढे टेरेस. तळ अधिक दोन. बांधकाम तेवढंच आणि घर एका मजल्याने बुटकं. कॉलम कमी, जिना कमी, टाकीत पाणी चढवायला उंची कमी. यात वाया काय गेलं ते मला कोणीतरी दाखवून द्या.

हो, टू-व्हीलरची ओढाताण होते. पुढे चार मीटर रुंदीची जागा उरते, त्यात दोन नीट बसतात आणि तिसरी गाडीच्या बॉनेटसमोर आडवी लावून रोज सकाळी काढावी लागते. ते मान्य. (गाड्या एकामागे एक लावल्या की हाच त्रास चौपट होतो, तो स्टॅक आहे, शेवटी आलेली पहिली निघणार. ज्यांच्या सुनेला सकाळी सातला आणि मुलाला दहाला निघायचं असतं त्यांच्या घरी या डेटा स्ट्रक्चरवरून भांडणं होतात.)

आता गाडीच्या मापाबद्दल. मारुती ८०० आली १९८३ साली. लांबी ३.३३५ मीटर, रुंदी १.४४. चौकोनी कुटुंब तिच्यात बसून महाबळेश्वरला जाऊन यायचं, वर कॅरियरवर बॅगा. आजची क्रेटा ४.३३ मीटर लांब आणि १.७९ रुंद. बरोब्बर एक मीटर लांब आणि पस्तीस सेंटिमीटर रुंद. प्लॉट काही त्या हिशेबाने वाढले नाहीत. २००६ च्या बजेटमध्ये चार मीटरच्या आतल्या छोट्या गाड्यांना एक्साइज कमी केला म्हणून कंपन्यांनी एकजात सगळ्या गाड्या ३.९९५ मीटरवर कापल्या. म्हणजे टॅक्स वाचत असेल तर गाडीची लांबी कमी करता येते, हे सिद्ध झालेलंच आहे. मग आईची खोली वाचत असेल तर? जपानमध्ये १९६२ पासून कायदा आहे, गाडी ठेवायला जागा आहे असं पोलिसांकडून प्रमाणपत्र आणल्याशिवाय (काही छोट्या गाड्या आणि खेडी सोडली तर) गाडी नावावर होत नाही. आणि त्यांच्या 'केई' वर्गातल्या गाड्या ३.४ मीटरच्या पुढे जाऊ शकत नाहीत. आपली ८०० त्याच जातकुळीतली. तिथे आधी जागा, मग जागेत मावेल ती गाडी. आपल्याकडे आधी शोरूममध्ये जाऊन मोठ्ठी गाडी बुक करायची आणि मग प्लॅन बदलायला आर्किटेक्टला फोन.

"पण लिफ्ट लावू की!" हे ब्रह्मास्त्र नेहमी येतं. लावा. मी लिफ्टच्या विरोधात नाही. घरगुती लिफ्टला काही लाख लागतात, दरवर्षी देखभालीचा करार लागतो, वीज गेली तर सोडवायला बॅटरी लागते. हे सगळं करू म्हणता, ठीक. पण एक विचारतो. दुपारी दारावर भाजीवाला आला, शेजारच्या काकू हळदीकुंकवाचं सांगायला आल्या, कुरियरवाला ओरडला, तर आजी प्रत्येक वेळी लिफ्ट बोलावून खाली येणार आहे का? नाही येणार. लिफ्ट हा डॉक्टरकडे जायचा रस्ता आहे, ओट्यावर जाऊन बसायचा नाही. ओट्यावर माणूस ठरवून जात नाही, जाता जाता बसतो.

आमच्या गल्लीत असं एक घर आहे. घर छान आहे, ग्रॅनाइटच्या पायऱ्या, स्टीलचा कठडा, सगळं. जुन्या घराच्या ओट्यावर त्या घरातल्या काकू संध्याकाळी लसूण सोलत बसायच्या आणि शाळेतून येणाऱ्या प्रत्येक पोराला "डबा संपवलास का" विचारायच्या. गल्लीतल्या निम्म्या बातम्या तिथून निघायच्या. आता त्या दुसऱ्या मजल्याच्या बाल्कनीत दिसतात. आधी वरून हात करायच्या, आपण काहीतरी बोललो की कानाला हात लावून "काय?" विचारायच्या. मग तेही कमी झालं. दोन मजल्यांवरून गप्पा मारता येत नाहीत, ओरडता येतं फक्त. खाली त्यांच्या ओट्याच्या जागी पांढरी एसयूव्ही उभी असते, कव्हर घालून. ती नऊला जाते, आठला येते आणि शनिवार-रविवार बऱ्याचदा हलतच नाही. त्यांचा मुलगा वाईट आहे का? मुळीच नाही. रोज रात्री आईचे पाय चेपून देतो असं आमची कामवाली सांगते. त्याच पायांनी तिला खाली येता येत नाही, एवढंच.

जुन्या वाड्यांचे गोडवे गायचा मला कंटाळा आहे. अंधार, ढेकूण, चौकात एकच नळ, सार्वजनिक संडास, हे सगळं विसरून लोक 'चौसोपी वाडा' म्हणत उसासे टाकतात. पण एक गोष्ट त्या घरांना कळत होती. दिंडीतून आत आलं की ओसरी, आणि ओसरीवर घरातलं म्हातारं माणूस. येणाऱ्या-जाणाऱ्याला त्याच्यासमोरूनच जावं लागायचं. त्याला कोणी वेळ 'द्यावा' लागत नव्हता, तो येता-जाता आपोआप मिळत होता.

स्टिल्टबद्दल आणखी एक, थोडक्यात, कारण हे स्ट्रक्चरल इंजिनियरचं काम आहे. २६ जानेवारी २००१ च्या भूज भूकंपात दोनशेहून जास्त किलोमीटर लांब असलेल्या अहमदाबादमध्ये ज्या इमारती पडल्या त्यांत खाली पार्किंग आणि वर भिंतींनी भरलेले मजले अशा कितीतरी होत्या. वरचा भाग ताठ, खालचे पाय मोकळे, हादरा बसला की सगळी हालचाल त्या पायांतच होते. २००२ च्या आयएस १८९३ मध्ये म्हणूनच एक मार्ग असा दिला की अशा मोकळ्या मजल्याचे कॉलम-बीम भूकंपाच्या हिशेबातून आलेल्या जोराच्या अडीच पटीला डिझाइन करा. स्टिल्ट बांधूच नका असं मी म्हणत नाही, नीट डिझाइन केलं तर ते उभं राहतं. पण "खाली काय, नुसते कॉलमच तर आहेत, स्वस्तात होतं" असं जो कॉन्ट्रॅक्टर म्हणतो त्याच्याकडून चहा पिऊन घ्या आणि निघा.

तर ही खालची खोली कशी हवी? इथे मी जरा रेंगाळणार आहे, कारण खोली दिली आणि बाथरूम चुकवलं तर सगळं पाण्यात.

बाथरूमचं दार बाहेर उघडणारं किंवा सरकतं. आत उघडणारं दार असेल आणि माणूस आत पडला, तर तो दाराला अडून पडतो आणि बाहेरून दार ढकलता येत नाही. हे एकदा ज्या घरात झालंय तिथे कोणाला समजावून सांगावं लागत नाही. कमोडच्या बाजूची भिंत पक्की हवी, पोकळ पार्टिशन नको. आज कठडा लावला नाही तरी उद्या स्क्रू धरला पाहिजे. बाथरूमला उंबरा नको, फरशीला उतार द्या, पाणी बाहेर येत नाही. उंबऱ्यावर हळद-कुंकू वाहायचं तर पुढच्या मुख्य दाराला ठेवा की, त्याला कोणी नाही म्हटलंय. कॉटवरून हात पोचेल असं एक बटण, आणि कॉटपासून कमोडपर्यंत सरळ रेषा, मध्ये टीपॉय नाही. खिडकी रस्त्याच्या बाजूला, आणि तिची खालची कड कॉटवर बसलेल्या माणसाला बाहेरचं दिसेल इतकी खाली. हल्ली खिडक्या उभ्या माणसाच्या हिशेबाने काढतात, मग झोपलेल्याला फक्त आकाश आणि केबलची वायर दिसते.

घराचं जोतं साधारण ४५ सेंटिमीटर उचललेलं असतं, म्हणजे तीन पायऱ्या. त्याला एकास बारा उताराचा रॅम्प करायचा तर ५.४ मीटर लांबी लागते. पुढच्या तीन मीटरमध्ये तो बसत नाही म्हणून आर्किटेक्ट उडवून टाकतात, किंवा करायचा म्हणून घसरगुंडीसारखा करतात. तो गाड्यांच्या विरुद्ध बाजूच्या दीड मीटरच्या पट्टीत घ्या. तिथे साडेदहा मीटर लांबी आहे, नाहीतरी तिथे फक्त तुळशीचे मेलेले रोप आणि एसीचं आउटडोअर युनिट असतं.

आणि ही खोली फक्त आजीची नाही हो. क्रिकेट खेळताना पाय मोडलेला नातू, बाळंतपणाला आलेली मुलगी, मोतीबिंदूचं ऑपरेशन करायला गावाहून आलेले मामा, सगळ्यांची तीच. दहा-पंधरा वर्षांनी आज जो किल्ली फिरवत 'दोन गाड्या मावल्या पाहिजेत' म्हणतोय त्याचीही तीच. वरच्या मजल्यांवर एकावर एक येतील अशा दीड बाय दीडच्या कोठीच्या खोल्या ठेवल्या आणि तिथला स्लॅब नंतर काढता येईल असा टाकला, तर लिफ्ट तेव्हा बसवता येते. आज पैसे घालायची गरज नाही. याला आमच्याकडे प्रोव्हिजन करून ठेवणं म्हणतात आणि त्याचे क्लायंटकडून पैसेही घेतात.

दोन स्वयंपाकघरं करावीत की एक, जिना आतून की बाहेरून, यावर मी काही बोलणार नाही. ते सासू-सुनांनी बसून ठरवावं आणि पुरुषांनी त्या वेळेला भाजी आणायला जावं. माझं एवढंच म्हणणं की जिना बाहेरून घेतलात तरी तो आजीच्या खिडकीसमोरून जाऊ द्या. रात्री अकराला कोण आलं ते कळलं की तिला झोप लागते.

या प्लॅनवर सगळ्यात मोठा आक्षेप काय येतो माहितीये? भूकंप नाही, एफएसआय नाही, मार्जिनसुद्धा नाही. "गाडीचा पुढचा भाग पावसात भिजेल." मला हे तिघांनी वेगवेगळं ऐकवलं. एकाने तर उन्हाने रंग उडतो म्हणून सांगितलं, आणि ज्या आईच्या खोलीबद्दल आम्ही बोलत होतो ती आत चहा गाळत होती. भिजू दे की! कव्हर दोन-तीन हजारांत मिळतं.

पाण्याच्या टाक्या कुठे ठेवायच्या हा या छोट्या प्लॉटचा दुसरा तमाशा आहे, कारण खालची टाकी नेमकी त्या पुढच्या मार्जिनमध्येच गाडीच्या चाकाखाली येते आणि झाकण कोणी उघडायचं यावर भांडणं होतात. त्याबद्दल पुढच्या शनिवारी.